सहा-तीन, सहा-एक

फराळाचे ताट बाजूला सारून दिवाळी अंक उघडलेल्या वाचकाने हा मथळा पाहून कपाळाला आठी घातली, तर दोष त्याचा नाही. हे आकडे पंचांगातले नाहीत आणि पाढ्यातलेही नाहीत. मुंबईत झालेल्या टेनिसच्या एका सामन्याचा तो निकाल आहे. निकाल अगदी बिनचूक आहे. माझी तक्रार एवढीच, की बिनचूक असूनही तो सामन्याविषयी काहीच सांगत नाही.

मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवले. एखाद्या मुलाने नाटकाचे रसग्रहण म्हणून ‘नायक शेवटी मरतो’ एवढेच लिहून पेपर दिला असता, तर मी त्याला शून्य गुण दिले असते. नायक मरतो हे खरे, पण तो कसा जगला, कुठे चुकला आणि चुकल्यावर कसा वागला, हे सांगशील तर नाटक सांगितलेस, असे मी त्याला म्हणालो असतो. खेळाच्या बाबतीत मात्र आपण सारेच शेवट वाचून समाधानी होतो. सकाळी चहाबरोबर कोण जिंकले ते वाचायचे आणि पान उलटायचे! मीही इतकी वर्षे तेच करीत आलो. त्या सवयीला एका दिवसाने धक्का दिला, म्हणून हा लेखप्रपंच.

माझे घर तारोडीस. भाईंदर स्टेशनाबाहेरून उत्तनच्या दिशेने जाणाऱ्या बसमध्ये बसले, की दाटीवाटीच्या इमारती मागे पडत जातात, हवेत खारेपणा येतो आणि पुढे कधी बांबूंवर वाळत घातलेल्या बोंबलांचा वास येतो. त्या बाजूला आमचे गाव. टेनिसचे मैदान आमच्या वाटेवर नाही. त्यामुळे टेनिसशी माझा संबंध दूरचित्रवाणीपुरताच. विम्बल्डनचे अंतिम सामने मी वर्षानुवर्षे पाहिले आणि या खेळातले आपल्याला बरेच कळते, असा समज करून घेतला.

त्या समजुतीचा निकाल लागला तो शनिवार, ८ फेब्रुवारी २०२५ रोजी. चर्चगेटजवळच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या आवारात मुंबई ओपन ही महिलांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा चालू होती आणि तो उपांत्य फेरीचा दिवस होता. ही स्पर्धा विम्बल्डनच्या पंक्तीतली नव्हे. महिलांच्या जागतिक दौऱ्याच्या मुख्य स्पर्धांखाली १२५ नावाची एक पायरी आहे, त्या पायरीवरची ही. पण पायरीला कमी लेखू नये. याच क्लबात २०१७ सालच्या नोव्हेंबरात एकोणीस वर्षांच्या आरिना सबालेंका या बेलारूसच्या मुलीने ही स्पर्धा जिंकली होती. पुढे २०२३ साली तिने ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली आणि त्याच वर्षी ती जगात पहिल्या क्रमांकावर गेली. नाव मोठे झाल्यावर पाहायला सारेच जातात. नाव लहान असताना पाहायला जाण्यात वेगळी मौज असते.

त्या शनिवारी लहान नाव होते माया राजेश्वरन रेवती. कोइम्बतूरची मुलगी, वय वर्षे पंधरा. पात्रता फेरीतून वर येत तिने मुख्य स्पर्धेत जागा मिळवली आणि उपांत्यपूर्व फेरीत जपानच्या मेई यामागुचीला ६-४, ३-६, ६-२ असे हरवले. पंधरा वर्षांची भारतीय मुलगी अशा स्पर्धेच्या उपांत्य फेरीत! वर्तमानपत्रांना दुसरे काय हवे?

पण मी गेलो तो केवळ तिच्यासाठी नव्हे. माझी बारा वर्षांची नात शाळेच्या संघातून खो-खो खेळत असे. डिसेंबरात एका सामन्याच्या शेवटच्या पळतीत ती लवकर बाद झाली आणि संघ हरला. ‘हिच्यामुळे गेली मॅच,’ असे कोणीतरी तिच्या देखत म्हणाले. तेव्हापासून तिचे बूट कपाटाखाली गेले होते. तिचे बाबा तिला समजावून थकले. मी तिला मोठमोठ्या विजेत्यांच्या गोष्टी सांगितल्या. ती ऐकून घेई आणि शेवटी म्हणे, ‘आजोबा, ते जिंकले ना पण!’ या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. तिला एक जिंकणारी मुलगी प्रत्यक्ष दाखवावी, म्हणजे हिचे मन उभारी धरील, असा माझा साधा हिशेब होता. तो चुकला, हे मथळ्यावरून वाचकांनी ताडलेच असेल.

आम्ही सकाळच्या बसने निघालो, भाईंदरहून चर्चगेटची गाडी धरली आणि क्लबाच्या आवारात जाऊन बसलो. बसल्यावर पहिली गोष्ट ध्यानात आली ती अशी, की टेनिसचे मैदान लहान असते. लांबी ७८ फूट, एकेरीसाठी रुंदी २७ फूट, मधली जाळी मध्यावर ३ फूट उंच. हे आकडे मला तोंडपाठ होते. पण पडद्यावर ते मैदान ऐसपैस अंगणासारखे वाटते आणि प्रत्यक्षात दोन माणसांना ते पुरत नाही. धावणारी खेळाडू रेषेच्या पार बाहेर फेकली जाते आणि परत आत येईतो पुढचा चेंडू आलेला असतो.

दूरचित्रवाणीची यात लबाडी आहे असे नाही, पण तिची नजर एका ठिकाणी बांधलेली आहे. कॅमेरा बहुतेक वेळ एका टोकाच्या मागे, उंचावर बसवलेला असतो. त्याच्या भिंगातून अंतर चेपले जाते. चेंडू जाळीला घासून गेल्यासारखा वाटतो. बाजूला बसून पाहिले, की कळते, तो जाळीच्या वरून चांगला दोन-तीन फुटांवरून गेला आणि अंगातल्या गिरकीमुळे पलीकडे एकदम खाली बसला. पडद्यावर सारे सपाट आणि सोपे दिसते, म्हणून घरच्या खुर्चीत बसून ‘एवढा साधा चेंडू मारता येईना!’ असे म्हणण्याचा अधिकार आपण घेतो. मैदानाच्या काठावर तो अधिकार पहिल्या पाच मिनिटांत गळून पडतो.

दुसरी गोष्ट आवाजाची. तारेवर चेंडू नीट बसला, तर एक भरीव ठोका ऐकू येतो. जरा चुकला, तर तोच ठोका बोदा होतो. घटकाभरात माझ्या नातीला तो फरक कळू लागला. डोळे मिटून ती सांगू लागली, ‘हा चांगला,’ ‘हा फसला.’ निवेदकाच्या अखंड बडबडीत घरी हा आवाज मला कधी ऐकूच आला नव्हता.

आणि तिसरी गोष्ट, माझ्या मते सर्वांत मोठी. दोन गुणांच्या मध्ये सर्व्हिस करणारीला पंचवीस सेकंद मिळतात. घरी त्या सेकंदांत आपल्याला मागच्या फटक्याची पुनरावृत्ती दाखवतात, नाही तर जाहिरातीची वेळ झालेली असते. मैदानावर त्या सेकंदांत माणूस दिसतो. खेळाडू पाठमोरी होते, तोंड पुसते, रॅकेटच्या तारा बोटांनी सारख्या करते, त्या सारख्याच असल्या तरी. नुकतीच झालेली चूक तिथेच टाकून परत यायचे असते. टेनिसमधला खरा खेळ या सेकंदांत चालतो आणि नेमका तोच भाग पडदा आपल्याला दाखवीत नाही. नाटकातले सगळे संवाद ठेवावे आणि विराम तेवढे कापून टाकावे, तसाच हा प्रकार.

आता निकालाकडे वळतो. टेनिसची गुणपद्धती ही निकाल फुगवणारी पद्धती आहे. गुणांचे गेम होतात, गेमचे सेट होतात, आणि प्रत्येक पायरीवर हरणाऱ्याने मिळवलेले गुण पुसले जातात. साधा हिशेब मांडू. एखाद्या सेटमधला प्रत्येक गेम ४०-४० पर्यंत, म्हणजे ड्यूसपर्यंत गेला आणि मग एकीने लागोपाठ दोन गुण घेतले, तर गेम पाच-तीन गुणांचा झाला. असे सहा गेम एकीनेच जिंकले, तर गुण झाले ३० विरुद्ध १८. अठरा वेळा जिने प्रतिस्पर्ध्याला निरुत्तर केले, तिच्या नावापुढे निकालात लिहिले जाईल शून्य! आणि आपण वाचू, ‘धुव्वा उडाला.’

याच्या पलीकडची तऱ्हा २०१९ सालच्या विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात दिसली. त्या सामन्यात फेडररने २१८ गुण मिळवले आणि जोकोविचने २०४. जिंकला जोकोविच. त्याच वर्षीच्या जानेवारीत पुण्याला बालेवाडीत महाराष्ट्र ओपनचा अंतिम सामना केविन अँडरसन आणि इव्हो कार्लोविच यांच्यात झाला. तिन्ही सेट टायब्रेकवर गेले आणि तिसऱ्या टायब्रेकमध्ये सातविरुद्ध पाच गुणांनी अँडरसन विजेता ठरला. कार्लोविच त्या वेळी चाळिशीला टेकलेला होता. दोन गुणांच्या फरकाने एकाचे नाव करंडकावर कोरले गेले आणि दुसऱ्याचे बातमीच्या तिसऱ्या ओळीत गेले. असल्या पद्धतीत निकालावरून खेळाची परीक्षा करणे म्हणजे भाकरीच्या वजनावरून शेतकऱ्याचे कष्ट मोजणे.

मायाचा सामना होता स्वित्झर्लंडच्या जिल टाइखमन हिच्याशी. प्रेक्षकांत तिचे नाव फार थोड्यांना ठाऊक होते. ती डावखुरी आहे आणि २०२२ साली जगात एकविसाव्या क्रमांकापर्यंत पोचली होती. त्याआधी २०२१ साली सिनसिनाटीच्या मोठ्या स्पर्धेत तिने नाओमी ओसाकाला हरवून अंतिम फेरी गाठली आणि तिथे ती अॅश्ले बार्टीकडून हरली. मुंबईला आली तेव्हा ती क्रमवारीत शंभराच्या बाहेर घसरलेली होती. म्हणजे एक मुलगी जिना चढू पाहत होती आणि दुसरी, एकदा वरपर्यंत जाऊन खाली आलेली, तोच जिना पुन्हा चढायला निघाली होती. दोघींची गाठ पडली ती एकाच पायरीवर.

डावखुऱ्या खेळाडूची सर्व्हिस उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या सवयी उलट्या करते. चेंडू अपेक्षेच्या दुसऱ्याच बाजूला वळून बाहेर निघतो. हे पुस्तकात वाचून कळत नाही. पंधराव्या वर्षी ते अंगाला कळावे लागते आणि त्यासाठी अशा सर्व्हिसपुढे उभे राहून चुकावे लागते. मायाच्या फटक्यांत धिटाई होती. वयाने दिलेली धिटाई आणि अनुभवाने दिलेला धीर या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या दिवशी डोळ्यांपुढे उलगडत गेले. टाइखमन कुठे घाई करीत नव्हती, आणि मला वाटते, तिच्या खेळातले सर्वांत अवघड अस्त्र तेच होते.

पहिला सेट ६-३. दुसऱ्या सेटमध्ये सामन्याचा कल स्पष्ट दिसू लागला आणि आजूबाजूची काही मंडळी उठू लागली. प्रेक्षक म्हणून आपली परीक्षा इथे होते आणि तीत आपण फारसे चमकत नाही. आपण खेळ पाहायला येतो असे म्हणतो, पण येतो चमत्कार पाहायला. चमत्कार होत नाही असे दिसले, की आपली वेळ एकदम मोलाची होते. त्याआधी पाहुणीचा चेंडू बाहेर गेला की टाळ्या वाजवायच्या, ही आणखी एक खोड. चांगल्या फटक्याला टाळी द्यावी, ती कोणाचाही असो. चुकीला टाळी देणाऱ्याने आपण काय पाहायला आलो, हा प्रश्न स्वतःला विचारावा. गाण्याच्या बैठकीत गवयाचा सूर चुकला म्हणून कोणी टाळी देत नाही.

हे दुसऱ्यांना सांगताना माझी स्वतःची चूकही सांगितली पाहिजे. उठणाऱ्यांत मीही होतो. संध्याकाळची गर्दी सुरू व्हायच्या आत विरारची गाडी धरावी, म्हणून मी पिशवी उचलली आणि नातीला म्हणालो, ‘चल बाळ, झालंच आहे आता.’

ती जागची हलली नाही. समोरची नजर न काढता म्हणाली, ‘ती गेली का आजोबा? ती थांबलीये ना अजून!’

मी पिशवी खाली ठेवली. पन्नास वर्षांच्या टेनिसप्रेमाला बारा वर्षांच्या पोरीने जागेवर बसवले, त्यात लाज वाटण्यासारखे होते आणि मला ती वाटली. आम्ही शेवटच्या गुणापर्यंत बसलो. दुसरा सेट ६-१. मग दोघी जाळीशी आल्या आणि त्यांनी हस्तांदोलन केले.

या हस्तांदोलनाचा अर्थ मला त्या दिवशी लागला. खो-खोत हार नऊ जणांत वाटली जाते, तरी ती एकीच्या माथी मारता येते, हे माझ्या नातीने अनुभवले होते. टेनिसमध्ये एकेरीत वाटायला कोणी नसतेच. प्रशिक्षकाला आता बाहेरून चार शब्द सांगायची मुभा आहे, पण चेंडू मारायला तो आत येऊ शकत नाही. हरणारीने लोकांसमक्ष हरायचे, आणि मग स्वतःच्या पायांनी चालत जाळीपर्यंत जाऊन जिंकणारीचा हात हातात घ्यायचा. नाटकात मेलेला नायक पडदा पडल्यावर उठून घरी जातो. इथे पडदा नाही. मला तर वाटते, या खेळाने माणसाला शिकवलेली सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे ती दहा-बारा पावले.

परतताना गाडीत बसायला जागा मिळाली नाहीच. दादरनंतर जरा टेकता आले, तेव्हा मला लीला राव यांची आठवण झाली आणि मी ती नातीला सांगितली. त्यांच्या आई पंडिता क्षमाबाई राव. क्षमाबाईंचे वडील शंकर पांडुरंग पंडित, तुकोबांच्या गाथेच्या इंदुप्रकाश आवृत्तीशी ज्यांचे नाव जोडलेले आहे ते व्यासंगी गृहस्थ. क्षमाबाईंनी गांधीजींच्या सत्याग्रहावर ‘सत्याग्रहगीता’ हे संस्कृत काव्य रचले, आणि त्या टेनिसही खेळत. लेक लीला १९३४ साली विम्बल्डनला गेली आणि तिथे पहिल्या फेरीचा सामना जिंकली. विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. पुढच्या फेरीत ती हरली. नंतर तिने आईच्या कथांवर संस्कृत नाटके लिहिली, नृत्यावर लिहिले.

‘म्हणजे हरलीच ना?’ नात म्हणाली.

‘हरली. पण मुंबईची ही स्पर्धा घे. मुख्य फेरीत बत्तीस जणी असतात. न हरता घरी किती जणी जातात?’

तिने क्षणभर विचार केला. ‘एक.’

‘आणि बाकीच्या?’

‘एकतीस.’ मग थोड्या वेळाने, बोरिवली गेल्यावर, स्वतःशीच बोलल्यासारखी ती म्हणाली, ‘आणि त्यातली प्रत्येक जण पुढच्या आठवड्यात परत कुठंतरी खेळते.’

मला सुचले नव्हते ते हेच. इतके दिवस मी तिला विजेत्यांच्या गोष्टी सांगत होतो, आणि विजेता हा तर बत्तिसातला अपवाद. नियम सांगायचा तो मी सांगितलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी अंतिम सामना टाइखमनने जिंकला, हे वाचून आम्हां दोघांनाही बरे वाटले. जिला आदल्या दिवशी आम्ही परकी म्हणून पाहायला सुरुवात केली होती, तिच्या घसरणीची आणि चढणीची गोष्ट आता आमच्या घरातली झाली होती.

समीक्षकाचे काम निर्णय देण्याचे आहे असे म्हणतात. माझा निर्णय असा, की खेळाचा खरा रसिक तोच, जो हस्तांदोलनापर्यंत थांबतो. त्यासाठी विम्बल्डनला जावे लागत नाही. मुंबईत, पुण्यात, जवळच्या कुठल्याही मैदानावर ते साधते. बार्शीची प्रार्थना ठोंबरे २०१६ साली सानिया मिर्झाबरोबर रिओच्या ऑलिंपिकमध्ये खेळली. ऋतुजा भोसले हिने रोहन बोपण्णाबरोबर हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ साली मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक मिळवले. पुण्याचा मानस धामणे पंधराव्या वर्षी, जानेवारी २०२३ मध्ये, बालेवाडीत अमेरिकेच्या मायकेल मोविरुद्ध उतरला आणि २-६, ४-६ असा हरला. या आपल्या मुलामुलींना आपण निकालाच्या पानावर भेटतो. कधीतरी पाचव्या-सहाव्या रांगेत बसून त्यांना भेटावे. मग २-६, ४-६ हे आकडे निराळे वाचता येतील.

आणि आमच्या घरचे? जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा कपाटाखालचे बूट निघाले होते. एका आकाराने लहान झाले होते, म्हणून नवे घ्यावे लागले. परवा, चकल्या तळून होत होत्या तेव्हा, ती सामना खेळून घामाघूम घरी आली आणि स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहून सांगू लागली. दुसऱ्या डावाच्या पळतीत खांबाशी तिने एकीला कशी हूल दिली, ती कशी पुढे गेली, आणि ही कशी अंग चोरून मागे फिरली, ते तिने पाट सरकवून, हात हलवून, सगळे करून दाखवले. चांगली दहा मिनिटे ती बोलत होती. तिची आई कढईकडे पाठ करून ऐकत राहिली आणि एक घाणा करपला.

शेवटी मीच न राहवून विचारले, ‘अगं, पण निकाल काय लागला?’

‘हरलो,’ ती म्हणाली आणि ताटातली गरम चकली उचलून फुंकर घालू लागली.